रविवारचा रस्सा आणि रात्रीचं दही

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दूध, अंडी, मटण एकदम सोडून पाच आठवडे झाले. जळगावात दोन मित्रांबरोबर खोली आहे, एक गॅस आहे, डबा मेसचा येतो. दिवस कसाही निघतो, पण रात्री दहीभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि रविवारी मित्र ढाब्यावर निघाले की जीव वरखाली होतो. मागच्या रविवारी अर्धी प्लेट अंडाभुर्जी खाऊन आलात आणि आता विचारताय, सगळं पाण्यात गेलं का.

नाही गेलं. मला नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी किती वेळा घसरले त्याचा हिशेब ठेवला नाही, पण एक घसरण आठवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. खापरावरची पुरणपोळी ताटात पडली आणि आईने न विचारता वरून तुपाची धार सोडली. मी खाल्ली, आणि चवीने खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माझं सुरू. भुर्जीचंही तेवढंच करा, तिचं सुतक पाळत बसू नका.

आमच्या अमळनेरच्या घरी म्हैस होती, त्यामुळे माझं सोडणं पुस्तकातून आलेलं नाही. रेडा झाला की घरात तोंडं पडायची आणि वगार, म्हणजे मादी, झाली की पेढे वाटायचे, एवढंच सांगते. बाकी कारणं तुमची तुम्हाला ठाऊक असतील. प्रश्न जिभेचा आहे, तर जिभेबद्दल बोलू.

तलफ येते तेव्हा नेमकं काय हवं असतं? मला हे कळायला सहा महिने लागले. शेजारी रविवारी मटण शिजायचं आणि मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे. एकदा चिडून तोच मसाला घेऊन पातोडीचा रस्सा केला. कांदा आणि सुकं खोबरं थेट जाळावर काळं होईस्तोवर भाजलं, लसूण-आलं, धने, लवंग, दगडफूल, तमालपत्र, आणि तेल सढळ हाताने, वर तर्री येईल इतकं. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चुरली. दुसऱ्या भाकरीला लक्षात आलं की खिडकी उघडीच राहिलीय. गल्लीभर सुटणारा तो वास बहुतेक भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा आणि लसणाचा असतो. आपला काळा रस्सा मुळातच झाडापाल्याचा आहे, मटण त्यात नंतर पडतं.

पातोडीला बेसन, मिरची-लसूण, ओवा, मीठ, हळद असं पाण्यात घट्ट शिजवून तेल लावलेल्या ताटलीत थापा आणि वड्या पाडा. रस्सा खळखळ उकळला की अगदी शेवटी सोडा, नाहीतर विरघळून पिठलं होतं. चावायला काहीतरी हवं असेल, आणि पुरुषांना हेच जास्त हवं असतं असा माझा अनुभव आहे, तर सोयाबीनच्या वड्या घ्या. लोक त्यांना नावं ठेवतात कारण त्या नीट पिळत नाहीत. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात घाला, मुठीत दाबून पिळा, पुन्हा एकदा तेच करा. मग लिंबू, तिखट, मसाला चोळून अर्धा तास ठेवा, तेलात परता आणि तेव्हाच रश्श्यात टाका. कोरड्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे पोटालाही आधार. भुर्जीची सय आली तर भिजवलेली मूगडाळ जाडसर वाटून कांदा-मिरचीवर परता आणि उतरवताना काळं मीठ भुरभुरा. अंड्याचा तो गंधकाचा वास काळ्या मिठात आहे.

ढाब्यावर जाणं बंद करू नका. मित्र तुटले की माणूस चिडतो आणि चिडला की खातो. खानदेशातला ढाबा त्या मानाने आपल्या बाजूचा आहे. शेवभाजी आहे, भरीत आहे, ठेचा आहे, भाकरी आहे. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजलेल्या त्या वांग्याला तुपाची गरज कधीच नव्हती. फक्त आधी विचारा: शेवभाजीत मलई घालता का, फोडणी कशाची. नान नको, त्यात बहुतेक ठिकाणी दही नाहीतर दूध असतं. भाकरी मागा.

तुमच्या डब्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. मेसच्या डब्यातून दही आणि पनीर वजा केलं की उरतात चार पोळ्या, बटाटा आणि पाण्यासारखं वरण. अशा डब्यावर रात्री दहा वाजता दही आठवणारच, कारण ती सरळ भूक आहे. पनीर-चीजची म्हणे अफूसारखी चटक असते, असं सांगणारे तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. मी पोटभर खाल्लं त्या दिवशी ती अफू मला कधी आठवली नाही. खोलीवर शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी आणि जवसाची किंवा तिळाची चटणी एवढं कायम ठेवा. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तिळात कॅल्शियम भरपूर असलं तरी सगळं अंगी लागत नाही, म्हणून पालेभाजी, नाचणी हेही फिरवत राहा. डाळीवर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, त्याने उलटं होतं. गोड खावंसं वाटलं तर तुम्ही केळीच्या मुलखात राहता, मी काय सांगू.

आता जे ऐकायला कोणाला आवडत नाही ते. बी-१२ची गोळी घ्यावीच लागते. पालेभाजीत ते नाही, आंबवलेल्या इडली-ढोकळ्यातही भरवशाचं नाही. शरीराला लागतं थोडं, दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर, पण तेवढं बाहेरूनच यायला हवं. यकृतात साठा असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस फुशारतो. मीही फुशारले होते. तिसऱ्या वर्षी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. दिवसभर उभं राहून येत असतील म्हणून चार महिने काढले, मग रक्त तपासलं तर बी-१२ तळाला. इंजेक्शनं घ्यावी लागली. तुम्ही आत्ताच एकदा तपासून घ्या आणि किती प्रमाणाची गोळी ते डॉक्टरांना विचारा. ही गोळी औषध नाही, मिठासारखी आहे असं समजा.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. दूध घातलेल्या मालालाही तो ठिपका असतो. २०२२ पासून आपल्याकडे वनस्पतीजन्य, म्हणजे व्हीगन, अन्नासाठी वेगळे नियम आहेत, त्यांची खूण हिरव्या इंग्रजी ‘व्ही’ची आहे, पण आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात ती क्वचित दिसते. मागची बारीक अक्षरं वाचा: दूध पावडर, व्हे, मिल्क सॉलिड्स. तुपाऐवजी डालडा असा शॉर्टकट तर बिलकूल नको. हे सांगताना हसू येतं, कारण १९४५ मध्ये आमच्या अमळनेरातच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. गावाचा अभिमान वेगळा आणि ताट वेगळं. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, तरी मी दाण्याचं तेलच वापरते. खिचडीवर कच्चं दाण्याचं तेल ही तर आपली जुनी रीत. पुण्याच्या पाहुण्यांना ती विचित्र वाटते, वाटू दे.

घरचे बोलतील. माझी आजेसासू अहिराणीत म्हणायची, “दूध नई, दही नई, मंग तू खास काय?” म्हणजे, मग तू खातेस तरी काय? मी दरवेळी ताट पुढे करायचे. वाद घातला असता तर मी हरले असते.

तुमचं दही मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे मी पैजेवर काही सांगू शकत नाही. वरण-बट्टीवरचं तूप आणि आईच्या हातचं दही यांना जोड नाही. मिळतं ते वेगळं असतं. तिखट डब्यानंतर तुम्हाला गार, आंबट, मवाळ काहीतरी हवं असतं, ते शेंगदाण्याच्या दह्याने भागतं. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं काढा (ही कंटाळवाणी पायरी गाळलीत की कडवटपणा येतो), तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळा. हलवत उकळी आणा, बोट सोसेल इतकं कोमट होऊ द्या आणि हिरव्या मिरच्यांचे सहा-सात देठ बुडवून झाका. लागलं की देठ काढा, त्यातलाच चमचाभर पुढच्या वेळेला विरजण म्हणून ठेवा. दाण्याचा वास राहतो, म्हणून नुसतं खाऊ नका. भातात कालवून वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्या. फुनक्यांबरोबरच्या (वाफवलेल्या डाळीच्या मुटक्यांबरोबरच्या) कढीला तर हे मस्तच चालतं, फक्त बेसन आधी मिसळा आणि आच मंद ठेवा, नाहीतर फाटतं.

उन्हाळ्यात आठ तासांत लागतं. सध्याच्या थंडीत रात्र पुरणार नाही. भांडं पिठाच्या डब्यात खुपसून ठेवा आणि सकाळी दहापर्यंत उघडून बघू नका.