रुग्णवाहिका अडवणारे गेट आणि तुटलेल्या दांडीचा भुर्दंड

प्रश्न : आमच्या गृहसंकुलाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास वडिलांच्या छातीत कळ आली म्हणून मी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावली. ॲपवर सभासदाची मंजुरी आल्याशिवाय एकही वाहन आत सोडायचे नाही, असा समितीचा आदेश असल्याचे सांगून सुरक्षारक्षकाने ती गेटवरच थांबवली. मी वडिलांपाशी असल्याने मोबाइलवरची सूचना पाहिली नाही. मागच्या गेटला कुलूप होते आणि किल्ली व्यवस्थापकाच्या घरी होती. दहा-बारा मिनिटांनी मी खाली धावत गेलो आणि बूम बॅरिअरची दांडी हाताने वर रेटली, तेव्हा ती तुटली. वडील आता बरे आहेत. समितीने मात्र दुरुस्तीखर्च आणि दंड भरण्याची नोटीस दिली असून, पोलिसांत जाण्याचा इशाराही दिला आहे. हे पैसे मला भरावे लागतील का? रक्षकावर व समितीवर कारवाई करता येईल का?

उत्तर : सर्वप्रथम एक काम आजच करावे. त्या रात्रीचे गेटवरील सीसीटीव्ही चित्रण, ॲपमधील नोंदी आणि गेटवरील वही जपून ठेवावी, अशी लेखी मागणी सचिवांकडे करून तिची पोच घ्यावी. असे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि पुढे वाद उभा राहिला तर रुग्णवाहिका किती वाजता आली व किती वाजता आत गेली, यावरच सारे अवलंबून राहील. चित्रणाची प्रत मिळाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही सोबत मागावे.

आता पोलीस तक्रारीविषयी. दुसऱ्याच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान करणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली ‘आगळीक’ ठरते. परंतु त्याच संहितेच्या कलम १९ नुसार, नुकसान होण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही, ते करण्याचा गुन्हेगारी हेतू नसताना, कोणाच्या जिवाची वा मालमत्तेची त्याहून मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती केवळ त्या जाणिवेमुळे गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ८१ मध्येही हेच तत्त्व होते, आणि भडकलेली आग पसरू नये म्हणून घरे पाडणारा माणूस हे त्याचे उदाहरण तिथेच दिलेले होते. जीव वाचवण्यासाठी घर पाडणे जिथे क्षम्य मानले जाते, तिथे बॅरिअरची दांडी वाकवणाऱ्याला भिण्याचे कारण नाही; मात्र आधी रक्षकाला सांगून पाहिले होते आणि दुसरा मार्ग बंद होता, हे आपल्याला दाखवता आले पाहिजे.

दंड आणि दुरुस्तीखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटिशीत त्या एकत्र केल्या आहेत, याला उत्तरात हरकत घ्यावी. उपविधींच्या (संस्थेच्या अंतर्गत नियमांच्या) भंगाबद्दल सभासदाला दंड करायचा, तर कारणे दाखवा नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि सर्वसाधारण सभेचा निर्णय लागतो; समितीने परस्पर लावलेला दंड टिकणे कठीण आहे. खर्चाबाबतही आणीबाणीची गरज हा बचाव आपल्याला आहे, कारण नुकसान संस्थेच्याच आदेशातून उद्भवले. तरीही शेजारधर्म म्हणून खर्च द्यावासा वाटला, तर ‘हक्क राखून’ असे लिहूनच द्यावा. ही रक्कम देखभाल बिलात थकबाकी म्हणून जोडली गेली, तर उरलेले बिल वेळेवर भरून फक्त तेवढ्यावर लेखी हरकत नोंदवावी. अख्खे बिल अडवून ठेवल्यास आपण थकबाकीदार ठराल आणि चांगली बाजू हकनाक लंगडी होईल.

समितीविरुद्धच्या कारवाईत पुष्कळ जण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई चा दाखला देतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात रुग्णवाहिका किंवा बंब येताना बाजूला न होणाऱ्या वाहनचालकाला ६ महिन्यांपर्यंत कारावास वा १०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. ते चालकासाठी आहे. गेटवरच्या माणसाला लागू होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खालील गैरनिरोध, म्हणजे ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे तिकडे जाण्यापासून अडवणे, हा आरोप मांडता येईल. पण खासगी वाट अडवण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे असे सद्भावनेने मानणाऱ्यास त्यात अपवाद आहे आणि संस्था त्याचाच आधार घेईल. सभासदाने बोलावलेले वाहन संस्थेच्या रस्त्यावरून त्याच्या दारापर्यंत जाण्यात संस्थेचा असा कोणता हक्क आड येतो, हा आपला सवाल जोरकस आहे, तथापि या फौजदारी लढाईत वर्षे घालवण्याचा सल्ला मी देणार नाही. वडील बरे आहेत आणि विलंबामुळे प्रकृतीचे नुकसान झाल्याचे वैद्यकीय मत आपल्यापाशी नाही, म्हणून भरपाईचा दावाही दुबळा आहे.

खरा जोर मागच्या गेटच्या कुलुपात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ च्या कलम ३ नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी या उपाययोजना सदैव सुस्थितीत ठेवायच्या असतात आणि तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यायचे असते. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी मुख्य प्रवेशद्वार ६ मीटरपेक्षा अरुंद नसावे आणि गेट कुंपणाला लागून पूर्ण उघडावे, असे सांगितले आहे. बंब आत वळावा हाच त्यामागचा हेतू आहे. मंजूर आराखड्यात मागचे गेट बंबाच्या वाटेसाठी दाखवले असेल आणि किल्ली रात्री कोणाच्या तरी घरी राहत असेल, तर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे अर्ज करून पाहणीची मागणी करावी. आराखड्याची प्रत माहिती अधिकारात नियोजन प्राधिकरणाकडे मागता येते. आगीच्या वेळी अग्निशमन अधिकाऱ्यांना दार वा कुंपण तोडून आत शिरण्याचे अधिकार असतात, आणि पालिकेच्या जवानाला अडवले तर लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याचे न्याय संहितेचे कलम २२१ लागू शकते. ॲपच्या मंजुरीचा नियम तिथे उपयोगी पडणार नाही. हा अर्ज दांडीच्या पैशांच्या वादापासून वेगळा ठेवावा, म्हणजे तो सूडबुद्धीचा वाटणार नाही.

समितीचीही एक बाजू आहे. अनोळखी वाहनांतून चोरी होईल ही भीती काल्पनिक नाही. परंतु रुग्णवाहिका वा बंब दिसताच दांडी उचलावी, नंतर नोंद करावी आणि एका रक्षकाने वाहनासोबत इमारतीपर्यंत जावे, एवढ्याने ती भीती भागते. असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची लेखी मागणी आपण करावी. समितीने दाद न दिल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार आणि सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद, हे मार्ग खुले आहेत.

रक्षकावर मात्र तक्रार करू नये, असे मला वाटते. रक्षकाला प्राथमिक उपचार आणि आगीच्या प्रसंगाचे प्रशिक्षण देणे ही २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानुसार एजन्सीची जबाबदारी आहे, तेव्हा ते दिले होते का, हे एजन्सीला अवश्य विचारावे. वरिष्ठांचा आदेश हा त्याचा पूर्ण बचाव होत नाही, हे खरे. पण तो आदेश कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत दिला हे सांगू शकणारा माणूस तोच आहे, आणि आरोपी झालेला माणूस आपल्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही.