हल्या : शब्द आणि शिवी

प्रश्न असा आलाय : "आमच्या परभणीकडं दांडग्या, सुस्त पोराला 'हल्या' म्हणतात. हल्या म्हणजे नेमकं काय, आणि त्याची शिवी कशी झाली?"

हल्या म्हणजे रेडा. 'हेला' हे त्याचंच दुसरं रूप. अर्थ एवढाच. शिवी झाली ती गोठ्यात.

गाय व्याली की कालवड नाहीतर गोऱ्हा. गोऱ्ह्याचा पुढं खोंड, मग बैल. म्हैस व्याली की वगार नाहीतर हल्या. "गोऱ्ह्यासारखा उधळतोय" असं पोराला म्हणताना आवाजात कौतुक असतं. रेडा, टोणगा, हल्या यांतला कुठलाही शब्द लावा, पोराचा अपमानच होतो.

कंधार तालुक्यातल्या आजीच्या गोठ्यात लाल कंधारी गाय आणि म्हैस शेजारीशेजारी बांधलेल्या असायच्या. म्हैस व्याली की शेजारीण दारातूनच विचारायची, "काय झालं, माय?" वगार असली तर आजी मोठ्यानं सांगायची. नाहीतर नुसतं "हल्या", आणि हात परत शेणात. वगारीसाठी एक सड राखलेला असे. हल्याला पान्हा फुटेपर्यंत लावायचं आणि ओढून खुंट्याला बांधायचं. त्याच्या तोंडाचा तो पांढरा फेस मला अजून दिसतो. महिन्याभरात त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. आणि हीच आजी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळताना डोळे पुसायची.

बैल औत ओढतो, वगार उद्या दूध देईल. हल्याचं काम पखालींबरोबर, म्हणजे पाणी वाहायच्या कातडी पिशव्यांबरोबर, गेलं. पैठणच्या कथेतला रेडा पखालच वाहायचा, आणि त्याला नाव होतं, ग्याना. वेद तो नंतर बोलला. त्याआधी त्याला बसलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, असं कथा सांगते. मला त्या कथेत वेदांपेक्षा ते वळ मोठे वाटतात. ज्या मुलखात ही कथा घडली तिथंच रेड्याच्या नावानं शिव्या देतात, याचं वाईट वाटतं.

कायद्यानंही हीच रेघ ओढली आहे. राज्यात गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. २०१५ साली बैल आणि वळू त्यात आले, म्हैस-रेडा बाहेर राहिले. गोऱ्ह्याची आणि हल्याची भूक वेगळी असते असं मात्र कुणी दाखवून दिलेलं नाही.

तेव्हा पोराला हल्या म्हणू नये, असं माझं मत. म्हशीच्या पोटच्याला जरूर म्हणावं, तो त्याचा हक्काचा शब्द आहे. आणि म्हणताना एक सड त्याच्यासाठीही सोडावा.