आजीची दृश्यं परत घाल

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सिनेमाची पटकथा आणि बजेट पाहिलं. पैसे पुरत नाहीत म्हणून तू आजीची तीन दृश्यं कापलीस आणि पुराचं दृश्य ठेवलंस. नेमकं उलटं केलंस. दाखवणं कमी कर, गोष्ट कमी करू नकोस.

१९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हातात आधी फक्त नाव ठेवलं, 'कॅट पीपल'. या नावाचा सिनेमा काढ, दीड लाख डॉलरच्या आत, ७५ मिनिटांच्या आत. बाईचा बिबट्या होतो, अशी गोष्ट त्यातून निघाली. ते रूपांतर दाखवायची ऐपतच नव्हती. मग त्याने आणि दिग्दर्शक जाक तूर्नरने काय केलं? रात्रीचा रस्ता, एकटी चालणारी बाई, मागे टाचांचा आवाज. तो आवाज मध्येच थांबतो. ती घाबरून पळत सुटते आणि फिस्सकन एक बस चौकटीत घुसते! नुसती बस. आजही अंगावर काटा येतो. पोहण्याच्या तलावात तर सावल्या, गुरगुर आणि पाण्यात अडकलेली बाई, बस्स. सिनेमातला जिनासुद्धा नवा नाही, ऑर्सन वेल्सच्या सिनेमाच्या सेटवरचा, उरलेला. पण पटकथेचा शेवटचा खर्डा ल्यूटन स्वतः बसून लिहायचा. तिथे त्याने काटकसर केली नाही. दाखवणं कमी केलं, गोष्ट नाही.

झटपट, स्वस्तात सिनेमे काढणाऱ्या अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचं उदाहरण मला देऊ नकोस. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' त्याने दोन दिवसांत चित्रित केला, खरं आहे, पण आधी तालमी घेऊन. तुझ्या वेळापत्रकात तालमीचा एक दिवस तरी आहे का?

मी पहिल्या सिनेमात कर्ज काढून आग लावली. त्यासाठी तालमी कापल्या. ती आग आज कुणाला आठवत नाही, आणि नायिकेचा चेहरा तेव्हाही कुणाच्या मनात राहिला नाही. ते मला अजून डाचतं. दुसऱ्या सिनेमात अपघात दाखवायचाच नाही, असा हट्ट धरला. फक्त फोन खाली ठेवणारी आई. वितरक म्हणाला, लोक चिडतील. सिनेमा आठवड्यात उतरला. पण जाहिरातीला पैसाच नव्हता, त्यात त्या दृश्याचा काय दोष? आजही मी ते तसंच ठेवेन.

रागावलास तरी चालेल, पण दाखवणं कमी कर. पूर खिडकीबाहेरून नुसता ऐकू येऊ दे. अंधारात आजी पायरी चाचपते आणि तिचा हात ओला होतो, एवढंच लिही. नवा खर्डा आला की त्याच रात्री वाचेन.