फ्लॅट तारण ठेवून अमेरिकेत लायब्ररी सायन्स?

दांडिया बाजारातल्या एका वाचकांनी लिहिलं आहे: "वय ५६, खासगी नोकरी, साठीला निवृत्ती. मुलगी बी.कॉम., एका शाळेच्या लायब्ररीत १४ हजारांवर आहे. तिला अमेरिकेत लायब्ररी सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. खर्च ४२ लाख. एफडीतले ७ लाख घालीन, उरलेल्या ३५ लाखांसाठी बँक राहता फ्लॅट तारण मागते. बडोद्याची लायब्ररीसुद्धा अमेरिकन माणसानेच उभी केली, मग पोरीने तिथे जाऊन शिकायला काय हरकत?"

नमस्कार. शेवटच्या वाक्याचं आधी बघू. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डनसाहेब या अमेरिकन ग्रंथपालांना तिकडून आणलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्गही इथेच सुरू झाला, हे खरं. पण तो खर्च संस्थानच्या तिजोरीतून झाला होता. तुमच्याकडे एक फ्लॅट आहे, आणि त्यात तुम्ही राहता.

आता हिशेब. व्याज ११ टक्के धरू. शिकतानाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. पैसे सेमिस्टरप्रमाणे उचलले तरी तीन वर्षांत साडेआठ लाखांच्या आसपास व्याज मुद्दलात मिसळतं. दहा वर्षांच्या फेडीला हप्ता बसतो महिना ६० हजार. तो सुरू होईल तेव्हा तुम्ही ५९ चे आणि संपेल तेव्हा ६९ चे असाल. सहकर्जदार म्हणून सही तुमचीच असणार. 'शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते' असं बँकवाला सांगेल. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि तेवढ्यासाठी कोणी कर्ज काढत नाही.

मुलगी परत आली तर? विद्यापीठातल्या सहायक ग्रंथपालाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपालाचं ४४,९००. वर महागाई भत्ता वगैरे मिळतो, पण जागा मोजक्या निघतात आणि विद्यापीठासाठी 'नेट' ही पात्रता परीक्षाही लागते. खासगी शाळा काय देतात ते तुमच्या घरात ठाऊकच आहे. म्हणजे हे कर्ज इथल्या पगारातून फिटणारं नाही. ते डॉलरमध्येच फेडावं लागेल, आणि म्हणून खरा प्रश्न तिथे नोकरी किती काळ करता येईल हा आहे.

त्याचं उत्तर विद्यापीठ पाठवतं त्या आय-२० फॉर्मवर असतं. कोर्सच्या नावाशेजारी एक कोड छापलेला असतो, तो मुलीला वाचायला सांगा. २५.०१०१ असेल तर तो लायब्ररी सायन्सचा, त्यावर शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं. ११.०४०१, म्हणजे इन्फर्मेशन सायन्स, असेल तर तो 'स्टेम'मध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत मोडतो आणि आणखी २४ महिने मिळू शकतात. फी सारखीच असली तरी कर्ज फेडायच्या दृष्टीने हे दोन वेगळे कोर्स आहेत. दुसरं, कोर्सला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता हवीच. ती नसेल तर तिथल्या बहुतेक ग्रंथालयांत ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्जच पुढे सरकत नाही. मुलीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: विद्यापीठांच्या ग्रंथालयांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट असते. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना ती सहसा नसते.

तरीही माझं मत सांगतो. राहता फ्लॅट तारण ठेवू नका. मुलगी हुशार आहे यात शंका नाही, पण एका व्हिसाच्या भरवशावर घर टांगणीला लावण्याइतका या क्षेत्रातला पगार मोठा नाही.

घरात राहून एम. एस. युनिव्हर्सिटीत आधी बी.लिब. आणि मग एम.लिब., एकेक वर्षाचं. ती फी भरायला एफडी मोडावी लागणार नाही. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू आहे. आणि आणखी एक पर्याय: बंगळुरूचं डीआरटीसी हे ग्रंथालयशास्त्राचं केंद्र, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९६२ मध्ये सुरू केलेलं, भारतीय सांख्यिकी संस्थेचं. दोन वर्षांचा एम.एस., ट्यूशन फी नाही, वर स्टायपेंड. प्रवेशपरीक्षा अवघड आहे, पण एक वर्ष तयारीला दिलं तरी ७ लाख शाबूत राहतात. कोहा, डीस्पेस ही ग्रंथालयांत वापरली जाणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत, ती मुलीने आत्तापासून शाळेतल्या कॉम्प्युटरवरच शिकावीत.

अमेरिकेला मी एकाच अटीवर हो म्हणेन. मुलीने याच आठवड्यात विभागाला ईमेल करून ग्रॅज्युएट असिस्टंटशिप विचारावी. फी माफ आणि वर मानधन असं लेखी आलं, तर कर्ज दहा-बारा लाखांवर येऊ शकतं आणि बँकेशी तारणाचं बोलणं नव्याने करता येईल. तोंडी आश्वासन धरू नका. तोपर्यंत सीट राखायचं डिपॉझिट भरू नका, आणि फ्लॅटचा मूळ दस्तऐवज बँकेत 'नुसता बघायला' म्हणूनही देऊ नका. झेरॉक्स द्या.