परत आलेल्या फाईलीबद्दल

बाय,

दारूवरच्या तुझ्या अभ्यासाचा प्रस्ताव एथिक्स कमिटीकडून, म्हणजे माणसांवरचे अभ्यास आधी तपासणाऱ्या समितीकडून, अकरा शंका लावून परत आला म्हणून फोनवर तुझा आवाज रडवेला झाला, तेव्हा मी फार बोलले नाही. लिहिणं मला जास्त जमतं.

तुझ्या एथिक्स कमिटीवर मी नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. दुसऱ्या एका कमिटीवर मात्र नऊ वर्षं बसले, डॉक्टर नसताना. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोयच आहे: सदस्य 7 ते 15, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, एक कायदा जाणणारा, आणि एक माझ्यासारखी शाळामास्तरीण, जिने न कळलेलं न लाजता विचारायचं.

तर विचारते. तुझ्या माहितीपत्रकातलं 'यादृच्छिक गटवाटप' म्हणजे काय, हे वाळपईच्या बाजारात कुणाला तरी विचारून बघ. 'कुठल्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टरांच्याही हातात नाही' असं लिही की! सत्तरी तालुक्यातली बाई पेपर मराठी वाचते, पण दुखणं कोंकणीत सांगते. कागद मराठीत असू दे, समजावणं घरच्या बोलीत होऊ दे, आणि ते बोलणंही लिहून कमिटीला दाखव. संमतीचा अंगठा घेताना साक्षीदार टीमबाहेरचा हवा, आरोग्य केंद्रातली नर्स नको. उद्या बीपीची गोळी तिच्याच हातून घ्यायची असते. तिच्यासमोर 'नाही' कोण म्हणेल?

तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला काय देणार, ही शंका रास्त आहे. 'संगाथ' संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या समुपदेशनाचा जो अभ्यास केला, तो 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो पुन्हा वाच. समुपदेशन न मिळालेल्यांनाही त्यात वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तपासणीत काय निघालं ते डॉक्टरांना कळवलं जात होतं.

सातव्या शंकेवर मात्र तू चिडलीस, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. मुलाखतीत कुणी 'जीव द्यावासा वाटतो' म्हणाला तर? तुझं उत्तर: 'योग्य तो सल्ला दिला जाईल.' कोण देणार? संध्याकाळी साडेसात वाजता पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर मुलाखती घेणारी तुझी पोरगी एकटी बसलीय, समोरचा माणूस रडतोय. तिने कुणाला फोन करायचा? तो उचलला नाही तर दुसरा कुणाला? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं ठरलं तर गाडी कुणाची, भाडं कुठल्या खात्यातून? आणि ती पोरगी घरी जाऊन झोपेल का, याचाही विचार कर. हे सगळं एका पानावर मावतं. बजेटमध्ये त्याची ओळ नसेल तर ते पान खोटं.

आता माझी चूक सांगते. दारूवरच्याच एका अभ्यासात माहितीपत्रकाची प्रत प्रत्येकाला घरी दिली गेली, नियमच आहे तो. वर ठळक अक्षरांत 'मद्यसेवन'. एकाच्या घरी तो कागद टीव्हीवर राहिला आणि मेहुण्याने वाचला. पुढे जे झालं त्यानंतर त्या माणसाने केंद्रात येणंच सोडलं. ते शीर्षक बैठकीत मी वाचलं होतं, आणि हात वर केला नव्हता. तू वरचं पान साधं ठेव, खुलासा आत असू दे, आणि प्रत घरी नेता की आमच्याकडे ठेवू, हे ज्याचं त्याला विचार.

पैशांचं थोडक्यात: बसभाडं आणि बुडालेला रोज द्यायचाच, काजूच्या हंगामात तर नक्कीच, पण केवळ पैशांसाठी कुणी हो म्हणावं इतका नको. सीटीआरआयवरची, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी. कुणी 'घोवाक विचारून सांगतां' (नवऱ्याला विचारून सांगते) म्हणाली तर फॉर्म तिच्याकडे ठेवून उठ.

आणि गणेश चवथीच्या आसपास मुलाखती लावू नकोस. घरं पाहुण्यांनी भरलेली असतात, एकांतात बोलायला खोली मिळणार नाही. वेळापत्रकात ते पंधरा दिवस आत्ताच खोडून टाक. बारावी शंका येणार नाही.

तुझी,
बाई