श्रद्धा लपवली म्हणजे ती नाकारली असे होते का?

प्रश्न : मी मूळचा वसईचा. नोकरीनिमित्त कुटुंबासह दुसऱ्या राज्यात राहतो. आमच्या घरी दर आठवड्याला होणाऱ्या प्रार्थनेवरून वस्तीतील काही जणांनी धमकावल्यामुळे आम्ही ती बंद केली आणि दर्शनी भिंतीवरचा क्रूसही आतल्या खोलीत नेला. ‘जो कोणी माणसांसमोर मला नाकारील’ हे वचन वाचले की मन खाते. संत गोन्सालो गार्सिया यांच्या गावच्या माणसाला हे शोभते का?
– एक वाचक

उत्तर : आपण उद्धृत केलेले वचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील ३३वे आहे. त्याच अध्यायात, दहाच वचने आधी, एका गावात छळ होऊ लागला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे येशूनेच शिष्यांना सांगितले आहे. ही दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत. धोक्यापासून दूर होणे वेगळे आणि विचारले असता ‘मी त्याचा नाही’ असे सांगणे वेगळे. आपण जे केले ते माझ्या मते पहिल्या प्रकारात मोडते.

आरंभीच्या ख्रिस्तसभेने हा भेद जाणीवपूर्वक जपला. स्मर्नाचे बिशप पॉलीकार्प यांच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात क्विंटस नावाच्या इसमाची हकिकत आहे : तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला आणि ख्रिस्ती लोकांवर सोडायची श्वापदे दिसताच कचरून त्याने मूर्तिपूजकांचा यज्ञ केला. स्वतःहून पकडून देणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, असे तो वृत्तान्त स्पष्ट म्हणतो. कार्थेजचे बिशप सिप्रियन इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या छळात अज्ञातवासात गेले, त्याबद्दल त्यांना बोलही लागला. पण २५८ मध्ये टाळता न येण्याजोगी वेळ आली तेव्हा त्यांनी आपली श्रद्धा उघड सांगितली आणि शिरच्छेद पत्करला.

आता संत गोन्सालो यांच्याविषयी. वसईत जन्मलेले आणि काही काळ व्यापारही केलेले हे फ्रान्सिस्कन बंधू जपानी भाषा उत्तम जाणत, म्हणून १५९३ मध्ये दुभाषी या नात्याने मनिलाहून जपानला गेले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने पकडलेल्यांचा कान कापून त्यांना भर थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले. त्यांचा सण आपण थाटाने साजरा करतो, पण त्याच नागासाकीच्या पुढच्या इतिहासाकडे सहसा वळत नाही, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे अधिक सापडते.

१६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर तेथील ख्रिस्ती कुटुंबे लपून राहिली. येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून, आपण ख्रिस्ती नाही हे दाखवण्यासाठी तिच्यावर पाय देण्याची सक्ती दरवर्षी होई. अनेक जण पाय देत आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू नव्हते, म्हणून बाप्तिस्मा आपल्यातल्याच कोणाकडून देववीत. बौद्ध देवी कान्नोनच्या मूर्तीत मरिया पाहत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीजवळच्या उराकामी गावचे काही जण नागासाकीतील ओउरा येथील नव्या चर्चमध्ये फ्रेंच मिशनरी फादर पतिजाँ यांना भेटले आणि आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे त्यांनी सांगितले, तेव्हा जगाला कळले की सुमारे अडीचशे वर्षे ही श्रद्धा जिवंत होती. पाय देणे योग्य होते असे मी म्हणणार नाही, आणि त्या लोकांनीही तसे म्हटले नाही. म्हणून तर ती प्रार्थना होती. पण उघड झाल्यावर त्यांच्यापैकी हजारोंना हद्दपार केले गेले, शेकडो मेले, आणि १८७३ मध्ये बंदी उठेपर्यंत बहुसंख्य टिकले. पिढ्यान्‌पिढ्या लपलेली माणसे वेळ आल्यावर भित्री ठरली नाहीत.

तेव्हा क्रूस आतल्या खोलीत असल्याचा खेद करू नये. मात्र प्रार्थना बंद ठेवू नये : ती कुटुंबापुरती, हळू आवाजात का होईना, रोज व्हावी, कारण जपानमधील घरे टिकली ती याच सवयीवर. कोणी थेट विचारले तर आपण ख्रिस्ती आहोत हे शांतपणे सांगावे. बाहेरच्यांना बोलावून प्रार्थना पुन्हा सुरू करायची की नाही, हे मात्र पत्नीशी आणि जवळच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंशी बोलून ठरवावे, कारण धोका आपल्या एकट्याचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचरणाचा हक्क दिला आहे. तरी काही राज्यांत धर्मांतरविषयक कायदे असल्याने आधी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा आणि धमक्यांची तारीखवार लेखी नोंद ठेवावी.