कळंब्याला जाण्याआधी

प्रिय पोरी,

पुढच्या आठवड्यात कळंबा कारागृहात तुझी पहिली ओळख परेड आहे, असं परवा फोनवर म्हणालीस. "सर, मी महसूलची माणूस, मला यातलं काय कळतं?" हेही विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

साक्षीदारासमोर रांग उभी करून त्यातून गुन्हेगार ओळखता येतो का ते बघायचं, हे काम पोलिसांऐवजी नायब तहसीलदाराकडं का येतं, ते आधी समजून घे. पोलिसांसमोर साक्षीदारानं कुणाकडं बोट दाखवलं तर ते पोलिसांना दिलेल्या जबाबासारखंच धरलं जातं, आणि तो जबाब न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानं पन्नासच्या दशकात, जुन्या मुंबई राज्यातल्याच एका खटल्यात हे सांगून ठेवलंय. म्हणून खोलीत कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तू, आणि दोन पंच असतात, तपास अधिकारी बाहेर. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याचं कलम ९ जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७ आलं, पण ही व्यवस्था तीच आहे. पोलिसांना आपला आरोपी ओळखला जावा असं वाटणारच, त्यांनी राबून तो पकडलेला असतो. तुला मात्र कोण ओळखला जातो याच्याशी काहीही देणंघेणं नसलं पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. जबरी चोरीचा गुन्हा, आरोपी यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, वय बाविसेक, अंगानं काटकुळा. "साधारण त्याच वयाची सहा पोरं आणा," एवढंच मी सांगितलं. ज्याला सांगितलं तो जवळच्या तालमीत गेला आणि सहा पोरं घेऊन आला. वय बरोबर होतं, उंचीही. पण सगळे पैलवान, मानेनं जाड, त्यातल्या चौघांचे कान कुस्तीत मोडून गोळा झालेले. मी बघितलं आणि पुढं चाललो. उशीर होत होता, साक्षीदार बाई लांबून आल्या होत्या. त्यांनी आत येऊन दोन श्वासांत त्या काटकुळ्या पोराकडं बोट दाखवलं आणि मी पंचनाम्यात "खात्रीपूर्वक ओळखले" असं लिहिलं. उलटतपासात वकिलांनी एकच विचारलं, "साहेब, त्या रांगेत बारीक अंगाचे किती जण होते?" परेड तिथंच संपली. पोरगा सुटला. त्यानंच चोरी केली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि आता ते कुणालाच कळायची सोय राहिली नाही. त्या बाईंची आठवण एकदाच वापरता येण्यासारखी होती, ती मी वाया घालवली.

म्हणून डमी, म्हणजे आरोपीबरोबर रांगेत उभी करायची इतर माणसं, तू स्वतः निवड. आपल्या उच्च न्यायालयाचं क्रिमिनल मॅन्युअल सांगतं की एका आरोपीमागं किमान सहा जण हवेत, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये दोनाहून जास्त आरोपी घ्यायचे नाहीत. आकडा भरणं सोपं आहे. रांगेकडं साक्षीदाराच्या जागी उभी राहून बघ. ज्यानं गुन्हा पाहिलाच नाही असा माणूस फक्त फिर्यादीतलं वर्णन वाचून आरोपीवर बोट ठेवू शकत असेल, तर ती रांग मोड. आरोपीच्या कपाळावर व्रण असेल तर सगळ्यांच्या कपाळावर त्या जागी पट्टी लाव. पायात एकट्याच्याच चपला नसतील तर सगळ्यांच्या काढायला लाव.

साक्षीदार खोटं बोलतील याची भीती तुला वाटत असेल. मला खरं बोलणाऱ्यांची जास्त वाटते. कपिलतीर्थ मंडईत ज्याच्याकडून मी वर्षानुवर्षं भाजी घेतली, तो एकदा रंकाळ्यावर समोरून आला तर मला ओळखू येईना. गाळा नाही, तराजू नाही, नुसता चेहरा. मग संध्याकाळच्या अंधुक उजेडात, दुचाकीवरून येऊन गळ्यातली चेन ओढून नेणारा चेहरा किती क्षण दिसला असेल? हातात कोयता असेल तर नजर कोयत्यावरच खिळते, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलंय. आणि दिसलं तेही जसंच्या तसं राहत नाही. नंतर ऐकलेलं, मोबाइलवर दाखवलेलं त्यात मिसळत जातं, आणि माणूस अगदी प्रामाणिकपणे तीच आठवण म्हणून सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९८४ साली जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. जिवंत राहिले तर याला ओळखायचंच, असं ठरवून तिनं त्या अवस्थेतही त्याचा चेहरा न्याहाळला. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिनं रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग प्रत्यक्ष रांगेतही त्यालाच. फोटोंत आणि रांगेत दोन्हीकडं असलेला तो एकटाच होता. रांगेनंतर तिला सांगितलं गेलं की फोटोतलाही हाच होता. तिथून तिची खात्री पक्की झाली. पुढं खरा गुन्हेगार, बॉबी पूल, न्यायालयात तिच्यासमोर उभा केला, तेव्हा याला मी कधी पाहिलंच नाही, असं ती म्हणाली. १९९५ मध्ये डीएनए चाचणीनं कॉटन सुटला. दहा वर्षं आत काढून.

यातली फोटोची गोष्ट आज तुझ्या दारात आहे. आरोपी पकडला की त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या ग्रुपवर फिरतो. प्रत्येक साक्षीदाराला परेडआधी विचार: अटकेनंतर कुणी फोटो दाखवला का, बातमीत पाहिला का, पोलीस ठाण्यात हा माणूस दिसला का? आरोपीलाही विचार, तुला या साक्षीदारांना आधी कुणी दाखवलं का, आणेपर्यंत चेहरा झाकलेला होता का? जे उत्तर येईल ते लिही. तपास अधिकारी नाराज होईल. होऊ दे.

मग साक्षीदाराला स्वच्छ शब्दांत सांग: तुम्ही पाहिलेला माणूस या रांगेत असेल किंवा नसेलही, ओळखू आला नाही तर तसं सांगा. हे न सांगता पुढं गेलं की माणूस रांगेतला त्यातल्या त्यात जवळचा निवडतो, कारण सरकारनं एवढा घाट घातलाय म्हणजे त्यात कुणीतरी असणारच, असं त्याला वाटतं. आरोपी कुठल्या जागी उभा राहणार ते त्याला ठरवू दे, प्रत्येक साक्षीदारानंतर जागा आणि हवे तर कपडेही बदलू दे. परेड घेणाऱ्यालाच आरोपी कोण ते माहीत नसावं, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१४ मध्ये केली. आपल्या पद्धतीत तुला ते माहीत असणारच. निदान साक्षीदाराच्या मागं उभी राहा, पंचांनाही मागं घे. तुमची नजर कुठं थांबते तेही तो वाचत असतो.

बोट दाखवल्यावर तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिही. "हाच तो", "हा वाटतोय" आणि "अंगानं असाच होता" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. किती वेळ लागला, आधी दुसऱ्या कुणापाशी थांबला का, तेही. तोंडून "बरोबर" निघू देऊ नकोस, मानही हलवू नकोस. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर कठड्यातल्या माणसाकडं कुणीही बोट दाखवतं. त्या दिवशीचा अडखळलेला शब्द फक्त तुझ्या कागदावर उरणार आहे.

आणि एक. आदल्या दिवशी जाऊन जागा बघून ये. साक्षीदार बसतील तिथून आरोपीला आणायची वाट दिसते का, आणि ज्याचं झालं तो बाहेर पडताना थांबलेल्यांना भेटू शकतो का, एवढं तपास. दिसत असेल तर खोली बदलून माग. मिळाली नाही तर मला रात्रीच फोन कर.

तुझा,
सर